पाणी कधी तापतं, मासा कधी काठाला येतो

माघात पहाटे पाचला उठायचं, कानटोपी घालून तापीवर जायचं, नऊपर्यंत गळ टाकून बसायचं आणि रिकाम्या पिशवीनं घरी यायचं. त्याच जागेवर दुपारी शाळा सुटल्यावर पोरं येतात, कणकेच्या गोळीवर दोन रोहू काढतात आणि नाचत घरी जातात. काठावर बसणाऱ्या प्रत्येकानं हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. बहुतेक जण त्याला नशीब म्हणतात. मीही सुरुवातीची बरीच वर्षं तेच म्हणत होतो.

नशिबाचा यात फारसा भाग नाही, हे मला एका म्हाताऱ्या भोईबाबांनी दाखवलं. मुडावदजवळ तापी-पांझरा संगमाच्या जरा वरच्या अंगाला ते जाळं सांधत बसले होते आणि मी सकाळपासून कोरडा बसलो होतो. मी विचारलं, "बाबा, आज मासाच नाही का इथं?" वर न बघता ते म्हणाले, "मासा शे. पानी गार शे. दुपार व्हवू दे, मंग टाक." मग उठून आले, काठावर उकिडवे बसले आणि माझा हात धरून मनगटापर्यंत पाण्यात घातला. वरचं पाणी कोमट लागलं. मग त्यांनी हात कोपरापर्यंत खाली दाबला, तशी बोटांना एकदम गार झणझणी आली. एका हाताच्या लांबीत दोन वेगळी पाणी होती. "भूक लागाले बी ऊब लागस," ते म्हणाले, आणि परत जाळ्याकडे गेले.

या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. ते जरा उलगडून सांगतो.

आपलं शरीर बाहेर थंडी असो की ऊन, ३७ अंशांच्या आसपासच राहतं. त्यासाठी आपण आतली चूल सतत पेटती ठेवतो. माशाची तशी चूल नसते. पाणी १८ अंशांचं असेल तर मासाही जवळपास १८ अंशांचाच. त्याचं पचन, त्याची हालचाल, त्याची भूक सगळं पाण्याच्या तापमानावर चालतं. ढोबळ हिशेब असा की पाणी १० अंशांनी वाढलं की माशाच्या शरीराचा कारभार साधारण दुप्पट वेगानं चालायला लागतो. थंडीत खाल्लेलं अन्न पोटात दिवसदिवस पडून राहतं. ते पचलंच नाही तर पुढचा घास कशाला घेईल? म्हणून थंड पाण्यातला मासा तळाशी, खोलात, एका जागी कमीत कमी ताकद खर्च करत थांबतो. गळाला लावलेली गोळी अगदी तोंडापुढे आली तर उचलेल, दोन हात पोहत जाऊन उचलणार नाही.

रोहू, कटला, मृगळ हे आपले मुख्य मासे २५ ते ३० अंशांच्या पाण्यात सगळ्यात जोरात खातात. पाणी २० च्या खाली गेलं की त्यांचं खाणं मंदावतं. तिलापिया, ज्याला आपल्याकडे बरेच जण चिलापी म्हणतात, तो तर उबेचाच मासा. पाणी १६-१७ अंशांवर आलं की तो खाणं जवळजवळ सोडतो. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, मात्र थंडी सोसतो, म्हणून पौषात काही लागलंच तर तोच लागतो. मरळीचं गणित निराळं आहे, त्याकडे पुढे येतो.

आता खरा प्रश्न पाणी कधी तापतं हा. इथंच बहुतेकांची गल्लत होते, कारण आपण हवा बघतो आणि मासा पाण्यात असतो.

चुलीवर रिकामा तवा ठेवा, मिनिटभरात चटका देतो. त्याच जाळावर हंडाभर पाणी ठेवा, आंघोळीपुरतं व्हायला किती वेळ लागतो ते घरात सगळ्यांना माहीत आहे. पाणी तापायला फार उष्णता खातं. ज्या उष्णतेत किलोभर पाणी एक अंशानं तापतं, तेवढ्यात किलोभर काळा दगड जवळपास पाच अंशांनी तापतो. म्हणून फेब्रुवारीत जळगाव-धुळ्याकडे पहाटे १२-१४ अंश आणि दुपारी ३०-३२ अंश असा हवेचा मोठा झोका चालू असतो, तेव्हा धरणाचं पाणी त्यातला फारच थोडा झोका घेतं. दुपारी अंगातला स्वेटर निघाला म्हणून पाण्यातली थंडी निघाली असं होत नाही. तिला कितीतरी दिवस लागतात.

हंड्याच्या उदाहरणात एक फरक मात्र लक्षात ठेवा. हंडा खालून तापतो. खालचं पाणी गरम होऊन हलकं होतं, वर चढतं, वरचं गार पाणी खाली येतं आणि सगळा हंडा ढवळला जातो. नदी आणि धरण वरून तापतात. गरम झालेलं पाणी आधीच वर असतं, हलकं असतं, ते तिथंच तरंगत राहतं. उन्हाची अर्ध्याहून जास्त उष्णता पहिल्या मीटरभर पाण्यातच अडकते, आणि पाणी गढूळ असेल तर वरच्या वीतभरातच. म्हणून माझ्या कोपराला दोन वेगळी पाणी लागली होती. रात्री उलटं होतं. वरचा थर हवेनं गार होतो, जड होतो, खाली बसतो आणि काठचं उथळ पाणी पुन्हा एकसारखं गार होऊन जातं. पाणी सगळ्यात थंड मध्यरात्री नसतं, सूर्य उगवताना असतं. सगळ्यात उबदार दुपारी तीन-चारच्या सुमाराला असतं.

पहाटे पाचला गेलेला माणूस रिकामा आणि दुपारची पोरं भरल्या हातानं, याचं उत्तर एवढंच आहे. माघात पहाटे उठण्यात काही अर्थ नाही. निवांत भाकरी खाऊन अकराला निघा आणि ऊन उतरेपर्यंत बसा.

पण कुठल्या काठावर बसायचं? वेळेइतकीच जागा महत्त्वाची, आणि मला विचाराल तर जास्तच.

कंबरभर पाणी चार हात खोल पाण्याच्या आधी तापतं, हे उघड आहे. त्यातही उत्तरेकडचा काठ आधी तापतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो. नदीच्या दक्षिण काठाला उंच दरड असेल तर तिची सावली पाण्यावर पडते आणि उत्तर काठावर ऊन थेट येतं. शिवाय उत्तरेकडची दरड गार वाऱ्याला पाठ देते. तापी आपल्याकडे पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, त्यामुळे तिला सरळ उत्तर आणि दक्षिण असे दोन काठ आहेत. चोपडा-शिरपूरच्या बाजूचा काठ आणि अमळनेर-शिंदखेड्याच्या बाजूचा काठ यांत माघात हा फरक हाताला कळतो. गिरणा आणि पांझरा वळणं घेत येतात, तिथं प्रत्येक वळणावर सकाळी ऊन आधी कुठं पडतं ते बघावं लागतं.

तळाचा रंगही बघा. काळी माती, काळा दगड ऊन शोषतो. पांढरी वाळू ते परत फेकते. उथळ पाण्याखाली काळा दगड असेल तर तो दुपारपर्यंत तापतो आणि भोवतीच्या पाण्याला ऊब देत राहतो. अशा दगडांवर शेवाळ धरतं, शेवाळात किडे येतात, किड्यांमागे लहान मासळी येते. ऊब आणि चारा एकाच जागी मिळाला की मोठा मासा त्या बाजूला सरकणारच. हतनूर धरणाच्या फुगवट्यासारख्या गाळानं उथळ झालेल्या पाण्यात ही ऊब लवकर येते. गिरणा धरणाच्या खोल भागात ती उशिरा येते.

एक जागा तर मी डोळे मिटून निवडीन. उथळ पाण्याला लागूनच जिथं एकदम खोल डोह सुरू होतो, ती कड. मासा रात्री खोलात थांबतो, कारण खोल पाणी एका रात्रीत फार गार होत नाही. दुपारी उथळात खायला येतो. त्याच्या जाण्यायेण्याचा रस्ता या कडेवरून जातो. उथळ पाणी खोलापासून फार लांब असेल तर फाल्गुन लागेपर्यंत मासा तिथवर येतच नाही.

आणि वारा. वारा वरचं पाणी ढकलत नेतो. वरचं पाणी म्हणजे तापलेलं पाणी. वारा ज्या काठावर येऊन आदळतो त्या काठाला कोमट पाणी साचतं आणि ज्या काठाकडून निघतो तिथं खालचं गार पाणी वर येतं. तोंडावर वारा घेऊन बसणं नकोसं वाटतं, गळ फेकायलाही त्रास होतो, म्हणून लोक वाऱ्याला पाठ करून बसतात. माघ-फाल्गुनात नेमकं उलट करायला हवं. लाटा ज्या काठाला थडकतात, पाणी जरा गढूळतं, तिथं बसा. लाटांबरोबर चाराही तिकडेच लोटला जातो.

आता बासची गोष्ट. हल्ली मोबाईलवर अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ सगळे बघतात आणि त्यातले आकडे पाठ करून काठावर येतात. पाणी अमुक अंशांवर आलं की मासा उथळात येतो, असं त्यात सांगितलेलं असतं. ते खरंही आहे, पण तिकडच्या माशासाठी. बास उत्तर अमेरिकेतला. तिथं बऱ्याच भागात हिवाळ्यात तळी गोठतात किंवा गोठण्याच्या जवळ येतात. बर्फ वितळून पाणी १० अंशांच्या वर चढलं की बास जागा होतो आणि उथळाकडे सरकू लागतो. साधारण १६ ते २० अंशांवर नर उथळ पाण्यात शेपटीनं तळ झाडून खळगं करतो, मादी त्यात अंडी घालते, आणि नर अंड्यांची, पुढे पिलांचीही राखण करतो. म्हणजे तिकडच्या वसंतात मासा काठाला येतो तो मुख्यतः अंड्यांसाठी.

आपली मोठी धरणं इतकी गार कधी होतच नाहीत. बास ज्या पाण्यात अंडी घालतो, तसं पाणी म्हणजे आपल्याकडची कडाक्याची थंडी. आणि आपले रोहू, कटला, मृगळ वसंतात अंडी घालत नाहीत. ते पावसाळ्यात, नदीला पूर आला की वाहत्या गढूळ पाण्यात घालतात. म्हणून माघ-फाल्गुनात ते काठाला येतात ते पोटासाठी. थंडीभर खाणं मंद होतं, पुढे पावसाळ्यासाठी अंगात अंडी तयार व्हायची असतात, आणि पाणी पचनाजोगं झालेलं असतं. तिकडचा वसंत अंड्यांचा, आपला भुकेचा. व्हिडिओतला अंशांचा आकडा घेऊ नका. तिथून घेण्यासारखं एकच आहे: पाणी चढतंय की उतरतंय याकडे लक्ष. २२ वरून २४ वर चाललेल्या पाण्यात मासा सरकतो, खातो. २६ वरून २४ वर उतरलेल्या पाण्यात तोच मासा तोंड मिटून बसतो. आकडा तोच, दिशा वेगळी.

अपवाद सायप्रिनसचा. तो बाहेरून आलेला, आणि मैदानी भागात तो वर्षातून दोनदा अंडी घालतो, एकदा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान आणि एकदा पावसाळ्यात. काठच्या गवतात, पाणवनस्पतींमध्ये पाणी खळबळताना आणि पाठी वर येताना दिसल्या तर तो बहुतेक सायप्रिनसच. त्या खळबळीत गळ टाकून उपयोग नसतो, त्या वेळी त्याला खाण्याची शुद्ध नसते.

बास इथं आणून सोडावा असं काही उत्साही मंडळी बोलतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. जपानमध्ये १९२५ साली बास नेऊन एका तलावात सोडला, आणि आज तिथं तो स्थानिक मासे खाऊन टाकणारा उपद्रवी मासा म्हणून ओळखला जातो. आपल्याकडेही १९५२ साली तिलापिया आणला, तो आता प्रत्येक डबक्यात आहे. बासमध्ये जे आवडतं, काठच्या गवतात दबा धरून बसणं, बेडकावर झडप, पिलांची राखण, ते सगळं आपल्या मरळीत आहे. मरळ हवेतून श्वास घेते, मध्येच वर येऊन हवेचा घोट घेऊन जाते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी तिचं अडत नाही, म्हणून भर उन्हाळ्यात बाकी मासे सुस्तावतात तेव्हाही मरळ लागते. काठाला लालसर पिलांचा पुंजका गोळ्यागोळ्यानं वर येताना दिसला तर खाली आई-बाप आहेत असं समजा आणि तिथं गळ टाकू नका. ते खाण्यासाठी नाही, पिलांवर आलेला शत्रू म्हणून गळावर तुटून पडतात. त्यांना उचललं की तो पुंजका दिवसभरात दुसऱ्यांच्या पोटात जातो.

पाणी चढत जातं ते सरळ रेषेत नाही. फेब्रुवारी-मार्चात एखादी रात्र अशी येते की विजा, वारा आणि गारा. गहू झोपतो, केळीची पानं फाटतात. त्या दुसऱ्या दिवशी कोणाला मासे धरायचं सुचत नाही, पण पाण्यात काय होतं ते सांगतो. उथळ पाणी एका रात्रीत गार होतं, खोल पाणी जवळपास तसंच राहतं. आठवडाभर काठाला आलेला मासा मागे फिरतो. अशा वेळी गेल्या आठवड्याची जागा सोडा, त्याच कडेवरून गळ खोलात टाका, गोळी लहान करा आणि चार दिवस थांबा.

माणसाच्या हातानं होणारा बदलही तितकाच मोठा. कालव्याला आवर्तन सुटलं की धरणाची पातळी उतरू लागते. काठाला ओली, उघडी पडलेली पट्टी दिसली की समजा पाणी उतरतंय. उतरत्या पाण्यात मासा काठावर विश्वास ठेवत नाही, खोलाकडे सरकतो. आवर्तन बंद होऊन पातळी दोन-तीन दिवस थांबली की परत येतो. गिरणेत खालच्या बाजूला याच्या उलट घडतं. कोरड्या पात्रातल्या डोहात नवं पाणी आलं की मासा पाणी येतं त्या तोंडाशी गोळा होतो. आवर्तनाची तारीख गावात सगळ्यांना ठाऊक असते, ती विचारून घ्या.

चैत्र लागला, नदीच्या वाळूतल्या टरबूज-डांगरांच्या वाड्या पिकायला आल्या, की सगळा हिशेब उलटतो. आता ऊब पुरेशी नाही, जास्त झालेली असते. पाण्यात विरघळणारा प्राणवायू तापमानाबरोबर कमी होतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. त्याच १० अंशांत माशाची गरज मात्र दुप्पट झालेली असते. मिळकत एक षष्ठांशानं घटली आणि खर्च दुप्पट झाला, असा तो संसार. दुपारी मासा खोलात किंवा सावलीत जाऊन बसतो. आता सकाळ आणि संध्याकाळ धरा. माघात जो उत्तर काठ चांगला होता तो सोडा आणि जिथं पाणी हलतंय, बंधाऱ्याखाली फेसाळतंय, झाडाची सावली पडते, तिथं बसा. वाऱ्याचा नियम मात्र तोच राहतो, कारण लाटांमुळे हवा पाण्यात मिसळते.

हिरव्यागार, साचलेल्या तळ्यात मात्र पहाटही फसवते. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू सोडतात, रात्री स्वतःच तो वापरतात. त्यामुळे अशा पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी सूर्योदयाच्या वेळी असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडी ठेवून तरंगताना दिसले की नवशिक्याला वाटतं केवढा मासा वर आलाय. तो खायला आलेला नसतो, गुदमरत असतो. तिथं गळ टाकू नका. ऊन वर येऊ द्या, आठ-नऊनंतर बघा.

गळाला काय लावायचं यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला तो विषय इतका मोठा वाटत नाही. थंड पाण्यात गांडूळ किंवा लहान, मऊ गोळी. पाणी तापलं की कणकेत शेंगदाण्याची ढेप मळून मोठी गोळी चालते. दादर ज्वारीच्या भाकरीचा चुरा त्यात घातला तर गोळी पाण्यात हळूहळू सुटते आणि वास पसरतो. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, थंडीत बारीक ठेवा, कारण पाणी नितळ असतं. मासा थंडीत हिसका देत नाही, खुणेसाठी दोरीला बांधलेला, तरंगणारा ज्वारीच्या ताटाचा तुकडा नुसता बाजूला सरकतो किंवा आडवा होतो. तेवढ्यावर ओढायला शिकलं पाहिजे.

पाणी मोजायचं असेल तर साधी युक्ती आहे. काचेची बाटली घ्या, तिला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी बांधा. बाटली हवी तितकी खोल सोडा, बुचाची दोरी ओढा, बुडबुडे थांबले की बाटली वर घ्या आणि लगेच आत तापमापी घाला. एक मोजमाप काठचं, एक पुरुषभर खोलीचं. रोज त्याच वेळी घेतलेली चार दिवसांची वही मोबाईलवरच्या कुठल्याही अंदाजापेक्षा जास्त सांगते.

बहुतेक धरणांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. तो त्यांच्या घरच्या चुलीचा प्रश्न आहे. धरणाच्या भिंतीवर बसू नका. परत सोडायचा मासा ओल्या हातानं धरा आणि वैशाखात तर पाण्याबाहेर काढूच नका, पाण्यातच गळ सोडवा. तापलेल्या पाण्यात दमलेला मासा सावरत नाही. पोहत गेलेला दिसतो आणि तासाभरानं उलटा तरंगतो.

अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मी दुपारची बाटली बुडवणं बंद करतो. वही मिटते ती मृगाचा पाऊस पडेपर्यंत. पहिल्या पुरात तापीचं पाणी तांबडं झालं आणि रोहू वरच्या अंगाला चढू लागले की तंगूस गुंडाळून माळ्यावर जाते. त्या दिवसांत मी काठावर जातो तो नुसता बघायला. एका पावसाळ्यात भोईबाबाही तिथं बसलेले होते, जाळं कोरडं, शेजारी घडी घालून ठेवलेलं.